जुनी मोटर यॉट स्वस्तात मिळतेय, घ्यायची का?

हा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी त्याची ही लेखी आवृत्ती. बोलताना जे बोललो तेच इथे आहे, थोडं नीटनेटकं करून. एक्सप्रेसवेवर उर्से टोलनाक्याच्या रांगेत अडकला असाल तर निम्मं तिथेच वाचून होईल. अर्थात गाडी दुसरं कुणी चालवत असेल तरच!

आजचा विषय थोडा वेगळा आहे. मावळातले तीन-चार मित्र एकत्र येतात, कुणीतरी फोनवर एक जाहिरात दाखवतं. केबिनवाली जुनी मोटर यॉट, वीस-पंचवीस वर्षांची, बरीच वर्षं बंद पडलेली, आणि किंमत एका सेकंडहँड गाडीएवढी. मग गप्पा सुरू होतात: "पवनेच्या बॅकवॉटरला टाकू, रंग मारू, इंजिन बनवून घेऊ, वीकेंडला पर्यटक फिरवू." कल्पना ऐकायला भारी आहे. पण ही उडी मारण्याआधी त्या बोटीत नेमकं काय काय बिघडलेलं असू शकतं, ते कसं ओळखायचं, दुरुस्तीचा क्रम काय असतो आणि कुठे सरळ "नको" म्हणायचं, हे माहीत हवं. कारण यात तुमचे पैसे अडकणार आहेत, त्या बोटीत बसणाऱ्यांचे जीव अवलंबून आहेत, आणि पवनेच्या बाबतीत खाली राहणाऱ्या लाखो लोकांचं पिण्याचं पाणीसुद्धा.

आधी हे समजून घेऊ: मोटर यॉट म्हणजे काय?

शिडावर चालते ती सेलिंग यॉट, इंजिनावर चालते ती मोटर यॉट. आत झोपायची जागा, छोटं किचन, टॉयलेट असतं. म्हणजे तरंगतं घरच. आणि घर म्हटलं की प्लंबिंग आलं, वायरिंग आलं, गॅस आला. त्याच्या जोडीला एक-दोन मोठी इंजिनं. हे सगळं सतत हलणाऱ्या, सतत ओल्या असणाऱ्या डब्यात बसवलेलं. म्हणून जुन्या यॉटची दुरुस्ती ही जुन्या गाडीच्या दुरुस्तीसारखी नसते. गाडी बंद पडली तर बाजूला घेऊन उभी करता येते. बोटीला ती सोय नाही.

जुनी म्हणजे टाकाऊ, असंही नाही. 'कलिझ्मा' नावाची मोटर यॉट १९०६ साली स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात बांधली गेली. दोन्ही महायुद्धांत तिने नौदलाची सेवा केली. १९६७ मध्ये हॉलिवूडचे रिचर्ड बर्टन आणि एलिझाबेथ टेलर यांनी ती घेतली, आणि पुढे काही काळ ती विजय मल्ल्या यांच्या मालकीची होती. शंभरी ओलांडलेली बोट! मालक बदलत गेले, पण प्रत्येक काळात तिच्यावर खर्च करणारं कुणीतरी होतं. बोटीचं आयुष्य तिच्या वयापेक्षा मधल्या काळात तिच्याकडे कुणी पाहिलं, यावर ठरतं.

मुंबईच्या पाण्यातल्या तीन गोष्टी

हे पटण्यासाठी मुंबईशी नातं असलेल्या तीन जहाजांकडे बघू. तिन्ही मोटर यॉट नाहीत, पण तिघींचा धडा यॉटलाही लागू पडतो.

पहिली 'आयएनएस विक्रांत', आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. १९६१ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात गाजली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मग मुंबईत ती म्युझियम म्हणून ठेवली. शाळेच्या सहलीला जाऊन पाहिलेली अजूनही अनेकांना आठवत असेल. पण एवढं पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात उभं ठेवायचं म्हणजे तळाची सतत देखभाल आलीच. तो खर्च जमला नाही. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून म्युझियम बंद झालं, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०१४ च्या शेवटी दारूखान्यात विक्रांत तोडायला सुरुवात झाली. तिचं थोडं पोलाद बजाजने विकत घेतलं आणि २०१६ मध्ये 'व्ही १५' ही बाइक आणली. म्हणजे ज्या विक्रांतवर विमानं उतरायची, तिचा अंश तुमच्या गल्लीतल्या एखाद्या बाइकच्या टाकीत असू शकतो.

दुसरी 'ट्रिंकमली'. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी सागवानात बांधलेली ब्रिटिश युद्धनौका. इंग्लंडमध्ये १९८६ पर्यंत ती मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरात होती. नंतर तिची हालत खराब झाली. १९९० पासून हार्टलपूल इथे तिची दुरुस्ती सुरू झाली, ती पूर्ण व्हायला २००१ उजाडलं. अकरा वर्षं! आज दोनशेपेक्षा जास्त वयाची ही मुंबईकरीण तिथे तरंगत्या अवस्थेत बघायला मिळते.

तिसरी गोष्ट आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळची, 'सुहेली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे तरुण अधिकारी. मुंबईत असताना त्यांनी कुलाब्यात ही ३२ फुटी सागवानी बोट बांधून घेतली. सुतारांनी हातातल्या वाकस आणि गिरमिटाने काम केलं. १९६४ च्या डिसेंबरमध्ये ती पाण्यात उतरली. १४ जून १९६८ रोजी ते तिच्यातून इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला परत आले. कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले माणूस. या सफरीत सुरुवातीलाच बोट गळायला लागली होती. तळाशी फळ्यांचे सांधे उघडत होते. रॉबिन भर समुद्रात पाण्यात उतरले, सांध्यांमध्ये कापूस ठोकला, त्यावर कॅनव्हासची आणि तांब्याची पट्टी मारली. मध्येच शार्क आला, त्याचाही बंदोबस्त करावा लागला!

पण माझ्या मते खरा धडा पुढे आहे. बऱ्याच वर्षांनी सुहेलीला ग्रीनिचच्या सागरी म्युझियममध्ये ठेवलं. छताखाली, कोरड्या नियंत्रित हवेत. वाटेल की आता ती कायमची सुरक्षित झाली. झालं उलटंच. त्या कोरड्या हवेत फळ्या आकसायला लागल्या. शेवटी २००२ मध्ये रॉबिन यांनी तिला बाहेर काढलं आणि पुढची कित्येक वर्षं स्वतः खपून तिची दुरुस्ती केली. २०१८ मध्ये त्या सफरीला पन्नास वर्षं झाली तेव्हा ती फाल्मथच्या पाण्यात होती. त्याच वर्षी केरळचे नौदल अधिकारी अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या सुहेलीच्या प्रतिकृतीतून, 'थुरिया'तून, शर्यतीत उतरले होते.

म्हणजे लाकडी बोट "झाकून ठेवली होती, एकदम सेफ आहे" असं विकणारा म्हणाला तर लगेच खूश होऊ नका. झाकून कशी ठेवली होती, हे विचारा.

पायरी पहिली: तळ

आपल्याकडे सेकंडहँड मिळणाऱ्या छोट्या यॉट बहुतेक फायबरग्लासच्या असतात. लोकांचा समज असा की फायबरला काही होत नाही. होतं.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन. वरून गुळगुळीत, चकचकीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यावर पाण्याचे कण या थरातून हळूहळू आत शिरतात. आत रेझिनमधल्या काही घटकांशी त्यांची रासायनिक क्रिया होते, दाट द्रव तयार होतो आणि तो आणखी पाणी ओढून घेतो. मग तळावर फोड येतात. फोडला तर आतून व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी येतं. याला ऑस्मोसिस म्हणतात. आणि गंमत म्हणजे गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा जास्त होतं. त्यामुळे "धरणातली बोट आहे, खारं पाणी लागलेलंच नाही" ही तळासाठी फार मोठी जमेची बाजू नाही.

उपाय आहे, पण चिवट आहे. जेलकोट खरवडून काढायचा, तळ गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा, मग महिनोन्‌महिने सुकू द्यायचा आणि त्यावर इपॉक्सीचे थर चढवायचे. सुकवणं हाच कळीचा भाग. लोणावळा-मावळात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा कशी असते हे मी सांगायला नको. इथे हे काम दिवाळीनंतर सुरू करून मे संपायच्या आत आटपावं लागतं. ओल आत राहिली आणि वरून इपॉक्सी मारलं तर फोड पुन्हा येणार.

दुसरी जागा म्हणजे डेक, आपण ज्यावर चालतो ती. वजन कमी राहावं म्हणून डेकमध्ये दोन फायबरच्या थरांमध्ये हलकं लाकूड किंवा प्लायवूड भरलेलं असतं. रेलिंगच्या स्क्रूजवळून पावसाचं पाणी आत जातं आणि ते लाकूड कुजतं. ओळखायचं कसं? सोपं आहे. अनवाणी चाला. पायाखाली मऊ लागलं, दबलं, की तिथे गडबड आहे. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत जा. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. भरड, बसका आवाज आला तर आतले थर सुटलेत. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, अगदी तसंच.

बोट लाकडी असेल तर अणकुचीदार टोचा हळूच टोचून बघतात. लोणी टोचल्यासारखा आत गेला तर लाकूड कुजलंय. इथेही एक उलटी गोष्ट आहे: खारं पाणी लाकडाला काही प्रमाणात टिकवतं, कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. मात्र समुद्रात लाकूड पोखरणारे जीव असतात, ते संकट वेगळं. पोलादी बोट असेल तर अल्ट्रासाउंडच्या यंत्राने पत्र्याची जाडी मोजतात. रंगाखाली पत्रा किती उरलाय, हे डोळ्यांना दिसत नाही.

पायरी दुसरी: तळाला मुद्दाम पाडलेली भोकं

हो, प्रत्येक यॉटच्या तळाला भोकं असतात. इंजिन थंड करायला पाणी आत घेण्यासाठी, टॉयलेटसाठी, सिंकचं पाणी सोडण्यासाठी. प्रत्येक भोकावर एक झडप आणि तिला जोडलेला होसपाइप. उभ्या बोटी बुडतात त्या कित्येकदा इथूनच.

थोडं गणित करू. पाण्याच्या पातळीच्या ६० सेंटिमीटर खाली ५ सेंटिमीटर व्यासाचं भोक आहे आणि त्याचा पाइप निसटला. पाणी आत येण्याचा वेग सेकंदाला साधारण ४ लिटर. मिनिटाला २४० लिटर, म्हणजे मिनिटाला बारा-पंधरा बादल्या. तासाचे झाले १४ हजार लिटर. छोट्या यॉटवरचा साधा पंप तासाला दोन ते चार हजार लिटर काढतो, तोही बॅटरी चांगली असेल तर. म्हणजे पंप जोरात चालू असतानाही बोट बुडणार.

म्हणून जुन्या बोटीच्या झडपा आणि पाइप तपासायचे नसतात, सरळ बदलायचे असतात. बदलताना साधा पितळी नळ लावू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाण्यात राहून त्यातलं जस्त निघून जातं, उरतं ते गुलाबीसर, भुसभुशीत तांबं. हाताने ठोकलं तरी तुटतं. तिथे ब्राँझच हवं. पाइपला पाण्याखाली दोन-दोन क्लॅम्प, तेही स्टेनलेसचे.

पायरी तिसरी: धातूंचं भांडण

शाळेत लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून बल्ब लावायचा प्रयोग केला असेल. बोटीखाली तोच प्रयोग चोवीस तास चालू असतो. ब्राँझचा पंखा, स्टीलचा शाफ्ट, आणि मध्ये पाणी. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना जोडले की त्यातला कमजोर धातू झिजत जातो. म्हणून त्याहूनही कमजोर धातूचा एक तुकडा मुद्दाम लावतात. तो झिजतो आणि बाकीचे वाचतात. त्याला ॲनोड म्हणतात. समुद्रात जस्ताचा चालतो. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियमचा लागतो. मुंबईहून आणलेली बोट पवनेत टाकली आणि ॲनोड तेच ठेवले, तर पंखा आणि शाफ्ट उघडे पडले असं समजा.

बोट बघायला गेलात की ॲनोड शोधा. अर्धा झिजलेला असेल तर चांगली खूण, तो काम करत होता. पूर्ण गायब असेल तर त्यानंतर काय झिजलं याचा विचार करा. आणि वर्षानुवर्षं पाण्यात राहूनही अगदी नवाकोरा दिसत असेल तर तो जोडलेलाच नसेल.

पायरी चौथी: इंजिन

विकणारा म्हणतो, "बॅटरी लावा, एका स्टार्टरमध्ये चालू होईल." नको! वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन असं चालू करायचं नसतं. सिलिंडरच्या भिंतींवर गंज असतो, पिस्टन रिंग चिकटलेल्या असतात. आत पाणी साचलेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे एका झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

आधी ऑइलची काडी बाहेर काढा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. डिझेल इंजिन असेल तर इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल टाकतात, एक-दोन दिवस मुरू देतात, आणि मग पान्याने हातानेच इंजिन फिरवून बघतात. फिरलं तर पुढची गोष्ट. अडलं तर जोर लावायचा नाही, उघडायचं.

पुढची गोष्ट डिझेल टाकीची. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतल्या ओलाव्याचं पाणी होऊन तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि काळा चिकट गाळ तयार होतो. उभ्या बोटीत तो शांत बसलेला असतो. लाटांवर बोट हलली की तो ढवळतो, फिल्टर चोंदतो आणि इंजिन बंद. म्हणजे नेमकं वारा असतानाच! जुनं डिझेल काढून टाकी आतून साफ करणं, यात काटकसर नाही.

मग थंड करायची व्यवस्था. बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचा छोटा पंखा असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. तो पाण्याशिवाय फिरला तर बघता बघता खलास. जुन्या बोटीत तो वाळून कडक झालेला असतो, त्याच्या पाकळ्या तुटून पाइपात अडकतात. किंमत किरकोळ, पण त्यापायी अख्खं इंजिन जळू शकतं. इंजिन चालू झाल्यावर पहिली नजर मागच्या एक्झॉस्टकडे: धुराबरोबर पाणी बाहेर पडतंय का?

चालू बोट बघायला गेलात तर इंजिनावर आधी हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी ते चालू करून ठेवलंय. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू व्हायला हवं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी किंवा न जळलेलं इंधन. काळा म्हणजे हवा कमी पडतेय किंवा इंजिनावर भार जास्त आहे.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का, हे शेवटचं जुळवणं बोट पाण्यात उतरवल्यावरच करतात. कारण ट्रेलरवर ठेवलेल्या बोटीचा आकार थोडा वेगळा असतो आणि पाण्यात तरंगताना वेगळा.

पायरी पाचवी: वायर, पेट्रोल, गॅस

आपल्या उर्से गावात फिनोलेक्सचा केबलचा कारखाना आहे, त्यामुळे वायरबद्दल आपल्याकडच्या पोरांना जरा जास्तच कळतं! पण घरात चालते ती तांब्याची वायर बोटीत फार टिकत नाही. ओलाव्याने तांबं हिरवं-काळं पडतं आणि ती काळीक इन्सुलेशनच्या आत लांबवर सरकत जाते. रेझिस्टन्स वाढतो, वायर तापते. बोटीसाठी प्रत्येक तारेवर कथलाचा मुलामा असलेली, अनेक बारीक तारांची वायर वापरतात. एकच जाड तार असेल तर ती थरथरीने तुटते. जुन्या यॉटमध्ये प्रत्येक मालकाने आपापली एक वायर वाढवलेली असते. तो गुंता सोडवत बसण्यापेक्षा सगळं काढून, प्रत्येक लाइनला फ्यूज देऊन, नव्याने टाकणं बरं.

पेट्रोलची वाफ आणि एलपीजी, दोन्ही हवेपेक्षा जड. घरात गॅस गळला तर दारं-खिडक्या उघडून तो बाहेर जातो. बोटीत तो तळाशी, जिथे पाणी साचतं त्या भागात, वाटीत पाणी साठावं तसा साठतो. तिथेच बॅटरी, तिथेच पंप. एक ठिणगी पुरे. म्हणून आतमध्ये पेट्रोल इंजिन असेल तर स्टार्ट करण्याआधी चार-पाच मिनिटं ब्लोअर चालवून आतली हवा बाहेर काढतात. स्टार्टर आणि पंपही ठिणगी न पडणारे, खास बोटीसाठीचे लागतात. रिक्षाचा स्टार्टर बसतोय म्हणून बसवला, हे इथे चालत नाही.

पवनेचं पाणी कुठे जातं?

हा भाग मला मुद्दाम बोलायचा होता. पवना धरणातून सोडलेलं पाणी मावळातून नदीने वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून पिंपरी-चिंचवडच्या नळांना. म्हणजे धरणात गळलेलं इंजिन ऑइल ही फक्त तुमच्या बोटीची अडचण राहत नाही.

जुन्या बोटीच्या तळाशी ऑइल, डिझेल आणि पाणी यांचं काळं मिश्रण साचलेलं असतं. ऑटोमॅटिक पंप ते गुपचूप बाहेर टाकतो. म्हणून आधी हे मिश्रण डब्यात काढून घ्यायचं, तळ पुसून कोरडा करायचा आणि इंजिनखाली ट्रे बसवायचा. टॉयलेटचं आउटलेट धरणात? अजिबात नाही. साठवायची टाकी बसवा, नाहीतर टॉयलेटच काढा.

तळाच्या रंगाचंही तेच. समुद्रातल्या बोटींना शिंपले-बार्नेकल चिकटू नयेत म्हणून विषारी रंग लावतात. त्यातला टीबीटी हा कथिलयुक्त प्रकार समुद्री जीवांना इतका घातक ठरला की आंतरराष्ट्रीय करार करून त्यावर बंदी आली. जुन्या बोटीवर खालच्या थरात तो अजून असू शकतो. तो धरणाच्या काठावर ग्राइंडरने उडवू नका. ओलं करून घासा, खाली ताडपत्री अंथरा, कचरा गोळा करा. आणि तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही, फिल्टरवाला मास्कच हवा. फायबरग्लासची धूळही फुप्फुसात जाते.

कागद आणि तोल

धरण, नदी, खाडीतल्या यांत्रिक बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ आला आहे. नोंदणी, तपासणी, विमा, चालवणाऱ्याची पात्रता, हे सगळं त्यात येतं. किनाऱ्यावर आणि खाड्यांमध्ये महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाशी संबंध येतो. धरणाचा जलाशय असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. बोट घ्यायच्या आधी हे विचारून घ्या, नंतर नाही. मूळ नोंदणीची कागदपत्रं नसलेली बोट स्वस्त का आहे, हे वेगळं सांगायला नको.

दुरुस्ती करताना सगळ्यात मोठा मोह कुठला असतो माहितीये? वर एक मजला चढवायचा! सेल्फीसाठी छान, पर्यटक खूश. पण वर वजन वाढलं की गुरुत्वमध्य वर सरकतो. वरच्या डेकवरचे दहा जण फोटोसाठी एकदम एका बाजूला आले की बोट कलंडते, आणि तळाशी थोडं पाणी साचलेलं असेल तर तेही त्याच बाजूला धावतं. मूळ बोट जितक्या माणसांसाठी बांधली आहे तितकीच माणसं, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. बांधणीत बदल केला तर पुन्हा तपासणी. यात मधला मार्ग नाही.

आता पैशाचं बोलू

दोन आकडे वेगळे ठेवा: दुरुस्तीचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च. वार्षिक खर्चाचा बोटवाल्यांमधला ढोबळ अंदाज म्हणजे किमतीच्या दहा टक्के. इथे गोम आहे. तुम्ही स्वस्तात घेतलेल्या किमतीच्या नाही, तशीच बोट चांगल्या अवस्थेत ज्या किमतीला मिळेल तिच्या दहा टक्के. कारण इम्पेलरला किंवा ॲनोडला माहीत नसतं की तुम्ही बोट भंगाराच्या भावात घेतली होती.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी ज्याच्याने बोट बुडू शकते ते: तळ, झडपा, पाइप, पंप. मग ज्याच्याने आग लागू शकते ते: इंधन, गॅस, वायरिंग. मग ज्याच्याने बोट मध्येच थांबू शकते ते: इंजिन, सुकाणू, शाफ्ट. आणि सगळ्यात शेवटी गाद्या, दिवे, म्युझिक सिस्टिम, रंग. बहुतेक जण बरोबर उलटं करतात, कारण रंगाचे फोटो टाकता येतात, नव्या झडपेचे फोटो कुणी लाइक करत नाही. मग पैसे संपतात आणि चकचकीत बोट पुन्हा ताडपत्रीखाली जाते.

"नको" कधी म्हणायचं? तळाला अनेक ठिकाणी थर सुटलेले असतील, इंजिन ज्यावर बसतं ते आतले आडवे-उभे आधार कुजलेले असतील, किंवा कागदच नसतील, तर सोडून द्या. एकटं बंद पडलेलं इंजिन हे नकाराचं कारण नाही, इंजिन बदलता येतं. आणि लक्षात ठेवा, लोखंडाची बोट शेवटी भंगारात तरी जाते. विक्रांतची बाइक झाली. फायबरग्लासच्या बोटीला भंगारवालाही हात लावत नाही. शेवटच्या मालकाला ती फेकायचाही खर्च येतो. स्वस्त जाहिरातीमागे कधीकधी हेच असतं, विकणाऱ्याला बोट विकायची नसते, तुमच्या गळ्यात घालायची असते.

आणि घेतलीच, तर पहिल्या दिवशी एक फुकटातलं काम करा. बोट जमिनीवर ठेवली असेल तर मागचा ड्रेन प्लग काढून ठेवा आणि नाकाची बाजू थोडी उंच करा. पहिल्याच पावसाळ्यात बोट बादलीसारखी भरते आणि आतलं इंजिन जमिनीवर असूनही बुडतं. ताडपत्री अशी बांधा की तिच्यावर पाणी साचणार नाही आणि खालून वारा खेळता राहील. काढलेला प्लग स्टिअरिंगला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे पाण्यात उतरवताना तो लावायचा राहणार नाही.

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्या कुणाच्या ग्रुपवर अशी एखादी जाहिरात फिरत असेल तर पैसे काढायच्या आधी हा एपिसोड तिथे टाका. पवनेवर किंवा कोकणात कुणी स्वतः जुनी बोट दुरुस्त केली असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, त्यावर वेगळा एपिसोड करू. भेटूया पुढच्या आठवड्यात. आणि हो, बोट कुणाचीही असो, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही!